नचिकेताला प्रश्न विचारू दिला, मग आपल्या मुलांना का नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रस्तंभात गेले काही आठवडे श्रद्धा श्रेष्ठ की बुद्धी, यावर वाचकांची जुगलबंदी रंगली आहे. दोन्ही बाजूंची पत्रे मी आवर्जून वाचते. एक जण लिहितो, देव अनुभवाने कळतो, तर्काने नाही. दुसरा लिहितो, अनुभव म्हणजे मेंदूतली रसायने. लिहिणारे सगळे आपापल्या जागी पक्के बसलेले आहेत. ज्याला खरोखर प्रश्न पडला आहे आणि ज्याचा अजून कुठेच पाय टेकलेला नाही, असे माणूस त्या पत्रांत मला भेटले नाही. तशा एका मुलीबद्दल, आणि तिच्या निमित्ताने आपल्या ठाण्यात प्रवचने-व्याख्याने ज्या रीतीने होतात तिच्याबद्दल, मला लिहायचे आहे. पत्र लांबले आहे. जागा कमी असेल तर बाकीचे कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

नौपाड्यातल्या एका सभागृहात या चातुर्मासात कठोपनिषदावर प्रवचने होती. मी नियमाने जात होते. प्रवचनकारांची वाणी गोड, पाठांतर चोख, सभागृह भरलेले. पहिली वल्ली, म्हणजे पहिले प्रकरण, संपले त्या संध्याकाळी, आरतीच्या आधी, मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. सतरा-अठरा वर्षांची असेल. खांद्याला कॉलेजची बॅग तशीच होती. तिचे आजोबा आषाढात गेले, हे आमच्या भागात बऱ्याच जणांना ठाऊक होते. तिने विचारले, “तुम्ही म्हणालात आत्मा मरत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, की तुम्ही तसं मानता?”

आवाज कापत होता, पण प्रश्न स्वच्छ होता. प्रवचनकार हसले आणि म्हणाले, “बाळ, भगवंतांनी गीतेत सांगूनच ठेवलंय, संशयात्मा विनश्यति, संशय घेणारा नाश पावतो. आधी श्रद्धा, मग ज्ञान.” सभागृहात टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. पुढे प्रसाद वाटला गेला. चपला घालताना ती आईला विचारत होती, “मी काही वावगं विचारलं का?” आणि आई दबक्या आवाजात म्हणाली, “चारचौघांत असं विचारतात का?”

मला राग आला तो त्या टाळ्यांचा. कारण प्रवचनकारांसमोर चौरंगावर जी पोथी उघडी होती, तिच्या पहिल्याच वल्लीत या मुलीचा प्रश्न आहे. नचिकेत नावाचा मुलगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहतो. दारी आलेला पाहुणा उपाशी राहिला म्हणून यम ओशाळतो आणि तीन वर देतो. तिसरा वर मागताना नचिकेत म्हणतो, “येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये”. माणूस मेल्यावर तो असतो असे काही म्हणतात, नसतो असे काही म्हणतात. हा संशय मला आहे, तो तू फेड. यावर यम त्याला दटावत नाही. देवांनाही पूर्वी याविषयी शंका होती, हे तो आधी कबूल करतो. मग विषय फार सूक्ष्म आहे, दुसरे काही माग, म्हणून गळ घालतो. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे, गुरे, हत्ती, घोडे, सोने, जमीन, रथांतून वाद्ये घेऊन येणाऱ्या सुंदर स्त्रिया. यमानेही विषय टाळून पाहिला, पण आमिष दाखवून. चारचौघांत हसे करून नव्हे. पोरगा हटला नाही आणि म्हणून उपनिषद पुढे सरकले. त्याने प्रश्न मागे घेतला असता तर पुढच्या वल्ल्या झाल्याच नसत्या.

आणि “आधी श्रद्धा” म्हणाल, तर श्रद्धाही त्याच पानावर आहे. नचिकेताचे वडील यज्ञात दान म्हणून गाई देत असतात. कशा गाई? शेवटचे पाणी प्यायलेल्या, शेवटचे गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या. ते पाहून त्या लहान मुलाच्या मनात श्रद्धा शिरली, असे उपनिषद म्हणते: “श्रद्धाऽऽविवेश”. श्रद्धा शिरल्यावर तो काय करतो? हात जोडून गप्प बसतो का? नाही, तो विचार करू लागतो आणि वडिलांना विचारतो, मला कुणाला देता? एकदा विचारतो, दोनदा, तिसऱ्यांदा. वडील संतापतात, जा, तुला मृत्यूला दिला. ज्या घरात मुले प्रश्न विचारतात त्या प्रत्येक घराला हा संताप ओळखीचा आहे. पण ऋषींनी श्रद्धा हा शब्द बापासाठी वापरला नाही, मुलासाठी वापरला.

याच उपनिषदातला एक चरण श्रद्धेच्या बाजूने नेहमी दिला जातो, “नैषा तर्केण मतिरापनेया”, हे ज्ञान तर्काने हाती येत नाही. आपल्या स्तंभातही एका पत्रात तो आला होता. बरोबर आहे, यम तसे म्हणतो. पण श्लोक तिथे संपत नाही. दुसऱ्या वल्लीतला नववा श्लोक काढून शेवटपर्यंत वाचावा. त्याचा शेवट आहे, “त्वादृङ्नो भूयान्नचिकेतः प्रष्टा”. नचिकेता, तुझ्यासारखा प्रश्न विचारणारा आम्हाला मिळत राहो! तर्काने मिळत नाही, हे ज्या श्लोकात सांगितले त्याच श्लोकात आचार्य प्रश्नकर्त्यासाठी आसुसलेला आहे. पहिला चरण पाठ करायचा आणि चौथा गाळायचा, हा ग्रंथावर अन्याय आहे.

गीतेचे तेच. “संशयात्मा विनश्यति” चौथ्या अध्यायातल्या चाळिसाव्या श्लोकात आहे. त्याच अध्यायात सहा श्लोक आधी ज्ञान कसे मिळवायचे ते सांगितले आहे: नमस्काराने, सेवेने आणि “परिप्रश्नेन”, म्हणजे खोदून खोदून विचारून. अध्याय संपताना संशय ज्ञानाच्या तलवारीने तोड असे सांगितले आहे. गिळून टाक असे सांगितलेले नाही. पुढे सहाव्या अध्यायात अर्जुन सरळ म्हणतो, कृष्णा, हा माझा संशय तूच संपूर्ण तोडून टाक. त्याचा प्रश्न घाबरलेल्या माणसाचा आहे: साधनेच्या वाटेवर निघालेला पण मध्येच ढळलेला मनुष्य दोन्हीकडून जातो का? यावर श्रीकृष्ण त्याला संशयात्मा म्हणत नाहीत. “तात” म्हणतात, बाळा म्हणतात, आणि चांगले करणाऱ्याची कधी दुर्गती होत नाही असा धीर देतात. अठराव्या अध्यायात, सगळे सांगून झाल्यावर, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर, इतकी मोकळीक देतात. त्यानंतर कुठे अर्जुन म्हणतो, माझा संदेह गेला. अठरा अध्याय विचारू दिल्यावर गेलेला संदेह आणि एका चरणात दाबलेला संदेह, या दोहोंना एकच नाव देऊ नये.

माऊलींनीही संशयाला घोर पाप म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे. वारकऱ्याच्या घरात वाढले, ज्ञानेश्वरी लहानपणापासून कानावर आहे. पण चौथ्या अध्यायातल्या त्या ओव्या पुढेमागे वाचल्या तर तिथला संशयी कसा आहे ते दिसते. त्याला खरे-खोटे, हित-अहित ओळखता येत नाही. जन्मांधाला रात्र-दिवस कळू नये तसे त्याचे झाले आहे. त्याच्यापुढे सगळे सारखेच आहे, आणि त्याला त्याची टोचणीही नाही. “माहीत आहे की मानता?” असे विचारणारी मुलगी नेमके खरे काय आणि धरलेले काय हे निवडायला बसली होती. तिला त्या ओवीखाली कसे बसवायचे? आणि तुकोबांनी तर सत्य-असत्याच्या निवाड्याला स्वतःच्या मनाला साक्षी ठेवले, “मानियेले नाही बहुमता” म्हणून सांगितले. सभागृहातल्या टाळ्या म्हणजे बहुमतच की.

मी कुणी पंडिता नाही. संस्कृत शाळेपुरते, पुढचे भाषांतर हाताशी धरून, ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलेल्या पुस्तकांवर. माझी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, गेज-रूममध्ये, म्हणजे मापे तपासायच्या खोलीत झाली. आता तिथे काचेची इमारत आहे. संशयाबद्दल मला जे काही कळते ते पोथीपेक्षा त्या खोलीने जास्त शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गेज-रूममध्ये तापमान वीस अंशांवर ठेवलेले असायचे, बारा महिने. लाकडी पेटीत मखमलीच्या खाचांत स्लिप गेज असायच्या: पोलादाच्या चकचकीत वड्या, प्रत्येकीवर तिची जाडी कोरलेली. मऊ चामड्याने पुसून, एकीवर दुसरी आडवी सरकवून दाबली की दोन्ही अशा चिकटतात की उचलल्या तरी सुटत नाहीत. तशा रचून हवे ते माप तयार करायचे आणि त्यावर मायक्रोमीटर, डायल ही मोजायची उपकरणे तपासायची. शंभर मिलिमीटरची पोलादी स्लिप एका अंशाने तापली तर एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, थोडी जास्त वाढते. हाताची ऊब तिला पुरते. म्हणून हातमोजे, म्हणून शॉपमधून आलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, सरफेस प्लेटच्या सपाट पाटावर तासन् तास ठेवून थंड होऊ द्यायचा, मग हात लावायचा. सुपरवायझर घाईत आलेले असले तरी.

आमचे साहेब प्रत्येक आकड्यापाशी एकच विचारत, “मोजलंस की धरलंस?” धरायला बंदी नव्हती. सगळेच कोण मोजणार? खोलीचे तापमान वीस आहे हे धरूनच काम चालायचे. पण धरलेले मोजलेल्याच्या रकान्यात लिहिले तर ते वही फेकून देत. मोजलेल्या आकड्यापुढेही अधिक-उणे लिहावेच लागे. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे उपकरण तपासल्याच्या, चांगल्या दाखल्यावर लिहिलेले असते की खरे माप या हद्दीत असण्याची खात्री सुमारे ९५ टक्के. म्हणजे उरलेल्या पाच टक्क्यांची शंका दाखल्यावरच छापलेली. ज्या दाखल्यावर अधिक-उणे नाही, तो आम्ही घेतच नव्हतो. आणि तिसरा नियम सर्वांत कडक: मनाजोगते वाचन येईपर्यंत मोजत राहायचे नाही. पाच वेळा मोजायचे ठरले असेल तर पाचही वाचने वहीत यायला हवीत, आवडलेली आणि नावडलेली.

हा तिसरा नियम मला एकदा कारखान्याबाहेर आठवला. माझ्या यजमानांच्या दशक्रियेला.

खाडीकाठी पिंड मांडले होते. यजमानांना आवडायची म्हणून कांदाभजी ठेवली होती, कुणीतरी चहाही ठेवला. कावळे होते, समोरच्या तारेवर ओळीने बसलेले. खाली येईनात. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सर्वांना माहीत आहे. माणसे एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून वचन देतात. मुलगा म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. कावळा आला नाही. धाकटे दीर म्हणाले, तुमच्या मुलीचं सगळं मी करीन. नाही. मग पुतण्या पुढे झाला, त्याचा आवाज भरून आला होता, काका, गावच्या घराचा वाद आम्ही मिटवतो. आणि एक कावळा आला, भातात चोच घालून गेला. सगळ्यांनी श्वास सोडला. “घरातच जीव अडकला होता बघा त्यांचा.”

मी तिथे पांढरी साडी नेसून उभी होते आणि माझ्या मनात साहेबांचा आवाज आला. वचने देत राहायची, आणि कावळा ज्या वचनाला आला ते खरे धरायचे. पुतण्या आधी बोलला असता आणि मुलगा शेवटी, तर इच्छा वेगळी निघाली असती. गुरुजींच्या हाताशी दर्भ तयार होता, कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववायचा म्हणून. रूढीनेच ती सोय ठेवली आहे. रीत घडवणाऱ्यांना ठाऊक होते की कावळा कधी येतो, कधी येत नाही, आणि त्यावर घरच्यांना अडकवून ठेवू नये.

याचा अर्थ तो सकाळचा वेळ फुकट गेला असे मी म्हणणार नाही. गावच्या घराचा वाद खरोखर मिटला. वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोललेली माणसे त्या दिवशी खाडीकाठी बोलली, आणि जे बोलली ते त्यांनी पाळले. हे मोजलेले आहे. पण यजमानांचा आत्मा तिथे होता आणि घराचे ऐकून निघाला, हे त्या कावळ्यावरून सिद्ध होत नाही.

यजमान कुठे आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. आहेत असे मी धरते. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना त्यांच्याशी बोलते. विठ्ठलाशीही बोलते. हे मोजलेल्याच्या रकान्यात मी लिहिणार नाही, आणि धरलेल्याच्या रकान्यातून ते कुणी खोडलेले मला चालणार नाही. त्या मुलीला नेमके असे उत्तर हवे होते, असे मला वाटते. “बाळ, मी हे मानतो. का मानतो ते सांगतो. मला जे माहीत आहे ते एवढंच आहे.” इतके म्हटल्याने व्यासपीठाची उंची कमी झाली नसती.

माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे. मी हे बोलले की तो वैतागतो. “मावशी, पुरावा नाही म्हणजे नाही. धरायचं कशाला?” तो भला मुलगा आहे, रक्तदान करतो, आजारी शेजाऱ्यांसाठी रात्री जागतो, पण या विषयावर त्याचा निकाल घाईचा असतो. मी त्याला सांगते, जॉब अजून मोजला नाही म्हणून त्याचे माप शून्य होत नाही. “मोजला नाही” एवढेच लिहिता येते. जिथे मोजता येते तिथे तू मोज, आणि खोटे सापडले तर गावभर सांग. पण जगाच्या बुडाशी काय आहे, मेल्यावर काय, हे सगळे असण्याऐवजी काहीच का नाही, अशा ठिकाणी आपल्या दोघांचीही वही कोरी आहे. कोऱ्या पानावर तू फुली मारतोस.

आणि विज्ञानातही धरलेले असतेच. आमचा मायक्रोमीटर स्लिपवर तपासलेला, स्लिप प्रयोगशाळेत तपासलेली, प्रयोगशाळेची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी जोडलेली साखळी. त्या साखळीच्या टोकाला काय? एक व्याख्या. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर धरायचा, हे १९८३ साली देशादेशांनी मिळून मान्य केले, आणि त्यावरून मीटर ठरतो. टोकाशी कुठेतरी थांबून “हे धरले” म्हणावे लागते. फरक इतकाच की ते धरले आहे हे लपवत नाहीत, आणि उद्या ते बदलायची तयारी ठेवतात.

किलोग्रॅमची हकिगत तर प्रत्येक प्रवचनकाराने आणि प्रत्येक विवेकवाद्याने ऐकावी अशी आहे. पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल काचेच्या हंड्यांखाली ठेवलेला आहे. १८८९ पासून २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे तोच. व्याख्याच ती, त्यामुळे त्याचे वजन चुकणे शक्यच नाही. तो हलका झाला तर सारे जग जड झाले म्हणायचे! त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या, भारताकडे ५७ क्रमांकाची आहे. तो दंडगोल बाहेर काढून प्रतींशी ताडून पाहायचे प्रसंग फार थोडे. १९९० च्या सुमारास ताडून पाहिले तेव्हा शंभर वर्षांत त्याच्यात आणि बऱ्याचशा प्रतींत मिळून सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडलेले दिसले. कोण बदलले, दंडगोल की प्रती, हे सांगायला तिसरे काही नव्हतेच.

इथे मला शिकण्यासारखे वाटते ते त्या माणसांचे वागणे. शंका बाहेरच्या टवाळांनी काढली नव्हती. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या तो दंडगोल डोळ्यांत तेल घालून सांभाळला त्यांनीच काढली. शंका आली म्हणून त्यांनी तो फेकून दिला नाही, आणि तो पूज्य आहे म्हणून अंतर दडवलेही नाही. जुन्याच किलोने जगाचे व्यवहार चालू ठेवून ते काम करत राहिले. दोन अगदी वेगळ्या वाटांनी, एका खास तराजूने आणि सिलिकॉनच्या गोळ्यातले अणू मोजून, उत्तरे जुळवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये व्हर्सायला देशांनी मत दिले आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बसला. अंतर दिसल्यापासून ते सुटेपर्यंत जवळजवळ तीस वर्षे संशय पोटात घेऊन ही माणसे निष्ठेने राबली. यात श्रद्धा कुठली, बुद्धी कुठली आणि संशय कुठला, हे ज्याला वेगळे काढता येईल त्याने काढावे. मला येत नाही.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, सोळा पदार्थांची, विचारात घ्यायच्या विषयांची, यादी आहे. त्यात प्रमाण, म्हणजे जाणण्याचे साधन, पहिले, प्रमेय, म्हणजे जाणायची गोष्ट, दुसरे आणि संशय तिसरा. निर्णय नववा आहे. म्हणजे संशय आला नाही तर निर्णयाकडे जायची वाटच सुरू होत नाही, असे आपल्याच लोकांनी दोन हजार वर्षांच्या आसपास मागे लिहून ठेवले. त्याच यादीत पुढे वाद, जल्प आणि वितंडा आहेत: सत्यासाठी बोलणे, जिंकण्यासाठी बोलणे, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे पाडण्यासाठी बोलणे. आपल्या पत्रस्तंभातल्या कुठल्या पत्राला यांतले कुठले नाव द्यायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

ज्या राज्यात आपण राहतो तिथे हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या. लोकांना फसवणाऱ्या बुवा-बाबांना प्रश्न विचारणे, हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर झाला. मी देवाला मानणारी बाई आहे आणि त्यांची सगळी मते मला पटत नव्हती, पण त्या दिवशी माझ्या घरात चूल पेटली नाही. टाळ्यांनी गप्प करणे आणि गोळीने गप्प करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळते. तरीही प्रश्न विचारणाऱ्याने बसावे, अशी सवय जिथे गोड आवाजात लागते ती जागा सभागृह आहे, शाळा आहे, आपले घर आहे. म्हणून मी एका मुलीच्या प्रश्नावर एवढे लिहिते आहे.

श्रद्धा असलेल्या माणसाने प्रश्नाला भ्यायचे कारण नाही, हे मला माझ्या सासूबाईंनी दाखवले. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, तसेच ठाण्यातही. मी कामावरून आले तर सासूबाई वाटी-चमचा घेऊन तयार. आम्ही दोघी गेलो. चमचा सोंडेला टेकवला की दूध ओढले जात होते, खरेच. मी वाकून पाहिले तर सोंडेखालून पोटावर, पोटावरून पायांशी एक पातळ ओघळ सरकत होता. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध, चटकन दिसत नव्हते. पृष्ठताणाने चमच्यातला द्रव ओल्या दगडावर ओढला जातो, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलेही. परतताना मी सासूबाईंना ओघळाचे सांगितले. त्या म्हणाल्या, “मला दिसलं की ते. दूध खाली येतंय म्हणून माझा गणपती कुठे जातोय?” आणि घरी येऊन उरलेल्या दुधाचा चहा टाकला. चौथी शिकलेल्या बाई होत्या. एका चमत्कारावर त्यांचा देव टांगलेला नव्हता, त्यामुळे चमत्कार गेला तरी त्यांचे काही सांडले नाही. ज्यांना प्रश्नाची भीती वाटते त्यांनी आपला देव कशाला टांगला आहे ते एकदा पाहावे.

आता मागणी. ठाण्यात व्याख्यानमाला, प्रवचने, सप्ताह यांची वाण नाही. चातुर्मासात तर एका संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी असतात. आयोजकांनी प्रत्येक प्रवचनानंतर आणि प्रत्येक व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी राखावा. विवेकवादी व्याख्यानांनाही हे लागू, कारण तिथे एखाद्या वृद्ध माळकरी बाईने काही विचारले तर हशा पिकतो, तेही मी पाहिले आहे. ज्यांना उभे राहून बोलायचा धीर होत नाही त्यांच्यासाठी दारात चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवाव्यात. प्रश्नोत्तरांच्या वेळी टाळ्या नकोत, ना वक्त्याला ना विचारणाऱ्याला. आणि वक्त्याला बोलावतानाच सांगावे की “हे मला माहीत नाही” असे उत्तर आमच्याकडे चालते.

आपल्या दैनिकालाही विनंती आहे. रोजच्या अध्यात्माच्या सदरात आपण निरूपण छापता. आठवड्यातला एक दिवस त्या जागी वाचकाचा एक प्रश्न छापा, आणि त्याखाली दोन जणांची उत्तरे, एक मानणाऱ्याचे आणि एक न मानणाऱ्याचे. प्रत्येकाने उत्तरात आपले मोजलेले कोणते आणि धरलेले कोणते ते वेगळे लिहायचे, एवढी एकच अट घाला. विद्यार्थ्यांचे प्रश्न आधी घ्या.

नौपाड्याच्या सभागृहातल्या आयोजकांना चिठ्ठ्यांसंबंधीचा अर्ज मी दिला आहे. चिठ्ठ्या कापून द्यायला आणि दारात बसायला माझी तयारी आहे, तसे अर्जात लिहिले आहे. त्यांचे उत्तर आले की आपल्याला कळवीन.

आपली,
एक वाचक
(निवृत्त गेज-रूम निरीक्षक)
नौपाडा, ठाणे